वेल्डरचेही बिल चौदा दिवसांत



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आपल्या गावोगावी घरकामांना सुरुवात होते. कोणी वाड्याला गेट करतो, कोणी खिडक्यांना ग्रिल बसवतो, कोणी गोठ्यावर पत्र्याचे शेड टाकतो. पूर्वी लोखंडाचे काम लोहाराकडे असे व त्याला खळ्यावर बलुते मिळे. आता त्याच्या जागी वेल्डर आला. बलुते गेले, पण रोख व्यवहाराची शिस्त मात्र आपण अजून लावून घेतली नाही. त्याच विषयावर आज दोन शब्द स्पष्ट बोलायचे आहेत.

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही घराचे गेट करायला काढले. गावातल्या वेल्डरने सांगितलेला दर आम्हाला जास्त वाटला. घासाघीस करून तो पाडला आणि ‘कर बाबा तुझ्या मनाने’ म्हणून मोकळे झालो. पाइप किती गेजचा, पत्रा किती जाडीचा, काही ठरवले नाही. गेट दिसायला झोकदार झाले. पण दुसऱ्या पावसाळ्यात खालची बिजागरी तुटली आणि पत्र्याने कडेने गंज धरला. आम्ही चारचौघांत वेल्डरला नावे ठेवली व त्याचे राहिलेले पैसेही अडकवून ठेवले. दर आम्हीच पाडला होता, हे मात्र कोणाला सांगितले नाही.

पुढच्याच हंगामात एका रात्री आमची उसाने भरलेली ट्रॉली गावच्या वेशीत हुक तुटून अडकली. मागे आणखी दोन गाड्या खोळंबल्या. तोडलेला ऊस जितका उशिरा काट्यावर जाईल तितके वजन घटते, हे सभासदाला सांगायला नको. तालुक्याच्या गावची दुकाने केव्हाच बंद झालेली. शेवटी त्याच वेल्डरच्या दारात जाऊन उभे राहिलो. गडी जेवणावरून उठून आला. तासाभरात हुक जोडला आणि वर बजावले, की गाडी हळू न्या, रिकामी झाली की परत आणा, नवी पट्टी टाकल्याशिवाय दुसरी खेप करू नका. पैशाचे विचारले तर म्हणाला, “आबा, मागचं राहू द्या, पण आजच्या रॉडचं तरी द्या.” हे ऐकून आमची मान खाली गेली.

बंधूंनो, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत आपल्याला पैसे मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. बिल लांबले की आपण सभेत उठून जाब विचारतो, आणि विचारलाच पाहिजे. तो आपल्या घामाचा पैसा आहे. मग वेल्डरचा घाम काय पाण्याचा? त्याने लोखंड रोखीने आणायचे, विजेचे बिल महिन्याला भरायचे, आणि आपण त्याला सांगायचे, ‘पुढच्या बिलावर बघू!’ हा कुठला न्याय?

यावर कोणी म्हणेल, वेल्डर लोक तरी कुठे सरळ आहेत? उचल घेतात आणि दहा खेपा मारायला लावतात. तक्रार खोटी नाही. पण त्याचे कारणही पाहा. पहिल्याने पैसे बुडवले, म्हणून दुसऱ्याच्या उचलीतून तो तिसऱ्याचे लोखंड आणतो. ही साखळी आपणच घातली आहे, ती आपणच तोडायची.

तोडायची कशी? काम देण्याआधी साध्या कागदावर चार गोष्टी लिहा: माप, मालाची जाडी, दर, आणि काम देण्याची तारीख. गेजचा आकडा वाढला की माल पातळ होतो, हे ध्यानात ठेवा. १६ गेज जाड, १८ गेज पातळ. दर फुटावर ठरला तर पातळ माल घालण्याचा मोह होतो, किलोवर ठरला तर विनाकारण जड घालण्याचा. म्हणून जाडी आधी ठरली पाहिजे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा ७.८५ किलो भरतो. उसाचे वजन काट्यावर डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्याला हा हिशेब जड नाही. नुसते टाके मारून वर रंग फासलेला नको. सांधा पुरता भरलेला, घासलेला आणि आधी रेड ऑक्साईड लावलेला असावा. रंग देण्यापूर्वीच काम पाहून घ्या. मालापुरती उचल आधी द्या आणि बाकी पैसे काम उतरल्यापासून चौदा दिवसांत चुकते करा.

पाण्याच्या टाकीच्या स्टँडला तर कधीच काटकसर करू नका. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि त्याच्याखाली आपलीच पोरे खेळतात.

जिवाची काळजीही दोघांनी घ्यायची. डिझेलचा वा पेट्रोलचा रिकामा पिंप वेल्डिंगला देऊ नका. आत उरलेल्या वाफेचा भडका उडून माणसे मेली आहेत. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग नको, टायर फुटतो. ट्रॅक्टरवर काम असेल तर आधी बॅटरीची वायर सोडा. तारेवर आकडा टाकून मशीन चालवायला सांगू नका. तो गुन्हा आहे आणि ओल्या अंगणात मरणही आहे. पोरांना ठिणगी बघत उभे राहू देऊ नका. त्या वेळी काही वाटत नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. तसे झाल्यास घरगुती उपाय न करता डॉक्टरकडे जा.

शहरातले तयार गेट कधी दोन पैशांनी स्वस्त पडेलही. पण हंगामात रात्री हुक तुटला तर ते दुकान वेशीत येणार नाही. गावचा वेल्डर उधारीने खचून शहरातल्या कारखान्यात कामाला गेला, तर नुकसान त्याचे थोडे आणि आपले जास्त.

आम्ही गेटचे राहिलेले पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिले. वेल्डरने नवी बिजागरी बसवून दिली आणि तिची मजुरी घेतली नाही. ज्यांच्याकडे अशी बाकी असेल त्यांनी ह्या बिलातून ती आधी फेडावी, एवढीच विनंती.