मासा न मिळण्याची चैन

इंग्रजी साहित्यात मासा न मिळालेल्या माणसाला फार मान आहे. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली 'द कम्प्लीट अँगलर' लिहिलं तेव्हापासून नदीकाठी गळ टाकून बसणं म्हणजे चिंतन, असं आपण वाचत आलोय. नॉर्मन मॅक्लीनच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट'मध्ये (१९७६) तर एका प्रेस्बिटेरियन पाळकाच्या घरात फ्लाय फिशिंग जवळजवळ उपासनेच्या शेजारी जाऊन बसलंय. पुस्तक सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद एवढाच, की रिकाम्या हाताने परतण्यातला हा आनंद परवडतो कोणाला?

दिवाळीच्या सुट्टीत मी बाजारहत्नूरला होते. आदिलाबाद जिल्ह्यातलं गाव. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले, बाजारहत्नूर तिकडेच राहिलं. मराठी मात्र दोन्हीकडे ऐकू येते. कडम नदी इथेच जवळपास उगम पावते. पुढे कुंटाल्याला १४७ फुटांचा धबधबा होऊन, धरण पार करून ती गोदावरीला मिळते, पण इथे अजून लहान आहे. कुठे घोटाभर पाणी, कुठे डोह.

मावसभाऊ ऑनलाइन मागवलेला रॉड घेऊन आला होता. फ्लाय फिशिंगमध्ये खरं आमिष नसतं. गळाला पिसं आणि दोरा बांधून नकली किडा करतात. (त्याला मराठीत 'माशी' म्हणावं का, हे मंडळातल्या भाषांतरवाल्यांनी ठरवावं. माशी लावून मासा!) या किड्याला वजन नसतं, म्हणून फेकायची असते ती जड दोरी. ती आधी पाठीमागे सरळ उलगडावी लागते, मग पुढे. मोंटानाच्या रुंद नदीत हे जमत असेल. कडमच्या काठी पाठीमागे पळस आणि बाभळी. दुपारपर्यंत भावाच्या गळाला लागली ती फक्त झाडं. मग ऊन, मग वारा, मग निसरड्या दगडावर गुडघा फुटला. संध्याकाळी बारापैकी दोन माश्या शिल्लक, मासे शून्य.

पलीकडे एक आजोबा बांबूची काठी आणि गांडुळं घेऊन बसले होते. कापूस वेचणीतून वेळ काढून आलेले. फडक्यात बोटाएवढे सात-आठ मासे.

"काय बाबू, लागलं का काही?"

"नाही आजोबा. लागला असता तरी सोडूनच देणार होतो."

"मग धरायचा कशाला?"

भाऊ हसला. मला त्यात विनोद दिसला नाही.

धरून सोडण्यामागे कारण आहे, हे मान्य. जिथे मासे कमी उरलेत तिथे ते योग्यच. महसीर घटला म्हणून तर लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने त्याची पिल्लं वाढवून सोडली. पण हे शहाणपण आजोबांना शिकवायला जाऊ नये. त्यांचा दिवस रात्रीच्या कालवणापाशी संपतो. आमच्या पिशवीत सकाळपासून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी होती. तेवढ्यावर संयम राखणं फार अवघड नाही.

उपाशी माणसाची मासेमारी साहित्यात नाही असं मात्र नाही. हेमिंग्वेचा सांतियागो ८४ दिवस रिकामा परततो, तेव्हा त्याला कोणी चिंतनशील म्हणत नाही, कमनशिबी म्हणतात. लूकच्या शुभवर्तमानातला पेत्रही रात्रभर राबून काही न मिळाल्यावर काठावर जाळी धुताना भेटतो. थकलेला, आणि बहुतेक वैतागलेला. मला ही माणसं मॅक्लीनच्या पात्रांपेक्षा कडमच्या जास्त जवळची वाटतात.

पुढच्या सत्रात मंडळात मॅक्लीन वाचायचं घाटतंय. जरूर वाचू. पण त्याच बैठकीत सांतियागोही हवा, आणि चर्चेच्या प्रश्नांत आजोबांचा प्रश्न मी आधीच लिहून दिलाय. संयोजकांनी दोन्ही पुस्तकं ग्रंथालयातून वेळेत काढून ठेवावीत, ही विनंती.