घरच्या संगणकाची निवड

वस्तू विकत घेणे सोपे. ती निवडणे कठीण. कासार आंबोली, पिरंगुट, पौड या बाजूचे पुष्कळ पालक हल्ली मुलांसाठी संगणक घेण्याचा विचार करीत असतात. मुलाची इच्छा अशी की, त्यावर अभ्यास व्हावा आणि थोडे खेळताही यावे. पालकाची अशी की, वस्तू पाच-सहा वर्षे टिकावी आणि हप्त्यांचे ओझे डोईवर बसू नये. दोन्ही इच्छा रास्त आहेत व त्यांचा मेळ बसू शकतो, असे आमचे मत आहे. मात्र पैसा दिसण्यावर खर्चावयाचा की उपयोगावर, हे आधी ठरविले पाहिजे.

मेजावरचा संगणक लॅपटॉपसारखा उचलून नेता येत नाही, हा त्याचा दोष सांगतात. घरात शिकणारी मुले असता आम्ही तो गुणच समजतो. कारण असा संगणक बैठकीच्या खोलीत सर्वांदेखत राहतो. शिवाय त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि ऐपत वाढेल तशी नवी भर घालता येते.

खेळाचे नाव काढताच काही दुकानदार ग्राफिक्स कार्ड व रंगीत दिव्यांचे कॅबिनेट पुढे करतात. किंमत फुगते ती येथेच. वास्तविक काही प्रोसेसरांच्या पोटातच चित्रे उमटविण्याची शक्ती असते. २०२१ साली निघालेला रायझन ५ ५६००जी हा त्यांपैकी एक होय. लेखन, हिशेब, प्रोग्रामिंगचे धडे ही कामे तो सहज करतो. माइनक्राफ्ट किंवा व्हॅलोरंट यांसारखे खेळही, चित्रांची प्रत थोडी उतरविली असता, त्यावर चांगले चालतात. इंटेलचा प्रोसेसर घेताना मात्र नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर आहे काय ते पाहावे. असल्यास त्यात ही शक्ती नसते, आणि वेगळ्या कार्डावाचून पडदा काळाच राहतो.

रॅम १६ जीबी असावी, आणि ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. पोटातले ग्राफिक्स हीच रॅम वापरते, व दोन पट्ट्या जोडीने चालल्या म्हणजे माहितीची वाट दुप्पट रुंद होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले. यास्तव ज्यांना दोन्ही पट्ट्या परवडत नाहीत त्यांनी आज एक घ्यावी व दुसरीची जागा मोकळी ठेवावी. पण एसएसडीत काटकसर करू नये. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर चांगला प्रोसेसरही रेंगाळतो.

कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणकही स्वस्त मिळतात व अभ्यासापुरते उपयोगी पडतात. त्यांत इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्यापूर्वीच्या बहुतेक यंत्रांस विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर लिनक्स विनामूल्य चालते. सी-डॅकने सिद्ध केलेली 'बॉस' ही त्यातलीच. परंतु व्हॅलोरंटसारखे काही खेळ लिनक्सवर चालत नाहीत, हे मुलास आधीच सांगावे.

मुळशीच्या पाण्यावर भिऱ्यास वीज निर्माण होते; तरी पावसाळ्यात आपल्या घरचा दिवा जाणे आपणांस नवे नाही. म्हणून कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या पॉवर सप्लायवर विसंबू नये. '८० प्लस' ही खूण असलेला नावाजलेल्या कंपनीचा पॉवर सप्लाय, एक यूपीएस आणि घराचे नीट केलेले अर्थिंग, यांवरचा खर्च बाकी सर्व भागांचे रक्षण करतो.

पुण्यास तपकीर गल्लीत जा किंवा अन्यत्र. निदान तीन दुकानांतून प्रत्येक भागाचे नाव, किंमत व वॉरंटी लिहून घ्यावी. सगळ्याचा एकच आकडा लिहिलेला कागद घेऊ नये. पावती पक्की असावी. १८ टक्के जीएसटी वाचविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाची वॉरंटी मागावयास गेल्यावर हात हलवीत परतावे लागते.

खेळांविषयी दोन शब्द. खेळणे हा अपराध नव्हे, आणि मुलाने खेळाचे नावही काढू नये असे म्हणणारा पालक त्यास चोरून खेळावयास शिकवितो. वेळ ठरवून द्यावी व ती दोघांनी पाळावी. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत; त्यांस घरात थारा नको.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी येणाऱ्या संगणकात वडिलांच्या कित्येक महिन्यांची मिळकत असते. तेव्हा दुसऱ्याच्या घरी चमकणारे यंत्र पाहून हट्ट धरण्यापूर्वी, आपणांस काय काय करावयाचे आहे त्याची यादी करा आणि ती आईवडिलांसमवेत बसून वाचा. यादीबाहेरच्या वस्तूवर एक रुपयाही खर्च न होऊ देणे, हा संगणकाचा पहिला धडा होय. आणि तो संगणक घरी येण्यापूर्वीच शिकता येतो.