नंदादीपापाशी कोण थांबणार?

आज घटस्थापना. घरोघरी परडीत काळी माती पसरून सप्तधान्य पेरले जाईल, मधोमध कलश बसेल, पहिली माळ चढेल आणि देव्हाऱ्याशेजारी नऊ अहोरात्र तेवणारा नंदादीप लागेल. या दिव्याबरोबर एक जुना दंडकही घरात येतो. घट बसले की घराला कुलूप लावायचे नाही. दिव्यात तेल घालायला, वातीवरची काजळी झाडायला, खिडकीतून वारा आला तर हात आडवा धरायला कोणीतरी माणूस घरात हवेच. आपल्या आज्या-पणज्यांनी हा दंडक निमूटपणे पाळला. त्यामागे शास्त्र किती आणि रूढी किती, हा वाद पंडितांनी करावा. आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे. ते ‘कोणीतरी माणूस’ म्हणजे नेमके कोण?

हा प्रश्न आजच विचारण्याचे कारण असे की याच नऊ रात्रींत शुक्रवारही येतो आणि शुक्रवारी नवा चित्रपट लागतो. भिंगारहून नगर ते किती दूर! (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर झाले तरी आपल्या तोंडी अजून नगरच आहे.) घटकाभरात माणूस चित्रपटगृहाच्या दारात पोहोचतो. पूर्वी ‘सिनेमाला जायचे’ हा चार दिवस आधी ठरणारा बेत असे. आता संध्याकाळी पाचला खिशातल्या फोनवर तिकिटे निघतात, सहाला मंडळी घराबाहेर पडतात आणि परतताना ‘आता घरी जाऊन कोण स्वयंपाक करणार’ म्हणत एखाद्या हॉटेलात नाहीतर महामार्गावरच्या ढाब्यावर ताटे मांडली जातात. असे महिन्यातून एकदा नव्हे, आठवड्यातून एकदा, काही घरांत दोनदाही घडते. आणि घट बसलेल्या घरात मागे कोण राहते? गुडघे धरलेली आजी राहते. आजी नसेल तर सून राहते. या दोघींपलीकडे तिसरे नाव सहसा ऐकू येत नाही.

सणाच्या विशेष पानावर या विषयावर लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप एका ठरलेल्या वाटेने चालू लागते. चित्रपटांनी संस्कार बुडविले, हॉटेलांनी चूल विझविली, तरुण पिढी बहकली. या वाटेने जाण्याची माझी इच्छा नाही, कारण ती वाट खरी नाही. मराठी घराच्या भक्तीत आणि चित्रपटाच्या पडद्यात वैर कधीच नव्हते. उलट या दोघांचा जन्मापासूनचा घरोबा आहे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. पुराणातली कथा घेऊनच आपला चित्रपट जन्मला. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना, तेव्हा फाळक्यांनी अण्णा साळुंके या तरुणाला निवडले. साळुंके त्या वेळी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत कामाला होते. म्हणजे आपल्या पडद्यावरची पहिली महासाध्वी हॉटेलच्या भटारखान्यातून आली! पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. या इतिहासात आणखी एक नाव आहे, ते मात्र आपण क्वचित घेतो. सरस्वतीबाई फाळके. पतीच्या उद्योगासाठी या बाईंनी अंगावरचे दागिने दिले, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतविला, फिल्मच्या पट्टीला भोके पाडण्याचे किचकट काम शिकून घेतले आणि हे सारे करून त्या साऱ्या ताफ्याचा दोन वेळचा स्वयंपाकही त्याच रांधीत राहिल्या. पडद्यावर नाव फाळक्यांचे झळकले.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. विष्णुपंत पागनिसांना लोक प्रत्यक्ष तुकोबा समजून नमस्कार करीत. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत ज्ञानेश्वर’ १९४० चा, आणि त्यातले ज्ञानेश्वर तर आपल्या नगरचे! शाहू मोडक १९१८ साली नगरला एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. ज्या जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरच्या मुलाने पडद्यावर ज्ञानेश्वर उभे केले, अनेक चित्रपटांतून कृष्ण साकारला आणि सोवळ्यातल्या बायकांनी त्या रूपापुढे हात जोडले. भक्ती कोणत्या दाराने आत येईल याचा नियम नाही, हे आपल्या माणसांना तेव्हाही कळत होते.

१९७५ चा ‘जय संतोषी माँ’ अजूनही अनेकींना आठवत असेल. चित्रपटगृहाच्या दारात चपला काढून आत जाणाऱ्या, पडद्यावर देवी प्रकटताच नाणी उधळणाऱ्या बायका सबंध देशाने पाहिल्या. एका चित्रपटाने सोळा शुक्रवारांचे व्रत घराघरांत पोहोचविले. गूळ-फुटाण्यांचा प्रसाद आणि आंबट वर्ज्य! म्हणजे चित्रपट पाहून आलेली बाई शुक्रवारी हॉटेलातला सांबार-डोसा खाऊ शकत नव्हती. चित्रपटाने व्रते बुडविली म्हणणाऱ्यांनी या शुक्रवारांचा हिशेब कसा मांडावा, हे त्यांचे त्यांनीच ठरवावे.

हॉटेलाविषयीचा राग याहून जुना. जुन्या घरांत बाहेरचे अन्न म्हणजे विटाळ, निदान संशय. कोणी शिजवले, कोणत्या हातांनी, कांदा-लसूण किती, तेल कितव्यांदा तापलेले. चातुर्मासात तर प्रश्नच नको. कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे मनसोक्त खाऊन घ्यायची आणि त्यानंतर चार महिने कांद्याला रजा! तरीही हॉटेले आली. पडदे लावलेल्या, लाकडी फळ्यांच्या ‘फॅमिली रूम’मध्ये बिचकत बसणारी, पदर सावरून इडलीचा पहिला घास घेणारी पिढी आज आजी झाली आहे. नवरात्रात दारावर ‘उपवासाचे पदार्थ मिळतील’ अशी पाटी लावण्याइतकी हॉटेलवाल्यांनाही आपल्या तिथी-वारांची जाण आहे. साबुदाण्याची खिचडी, उपवासाची मिसळ, बटाट्याचा चिवडा, वर रताळ्याचा कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण हॉटेलांच्याही पूर्वीची असल्यामुळे त्याचा दोष हॉटेलांना देता येत नाही.

मग खरी तक्रार कशाची? माझ्या मते ती ‘रोज’ या शब्दाची आहे. आपल्याकडे घराबाहेर पडणे हे पाप कधीच नव्हते. केडगावच्या रेणुकामातेला जाणे, पाथर्डीकडे मोहटादेवीची वाट पायी धरणे, गावोगावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहणे, शेवचिवडा आणि भजी खाणे, हे सारे बाहेर पडणेच होते. परंतु त्याला तिथी होती. आधी वाट पाहणे होते, नंतर आठवण होती. आणि परतताना मागे राहिलेल्यांसाठी हातात काही असे: बत्तासे, रेवड्या, कुंकवाची पुडी, देवीचा अंगारा. ज्याला जाता आले नाही त्याचाही त्या यात्रेत वाटा आहे, हे त्या पुडीतून कबूल केले जाई. आज हॉटेलातून परतताना ‘आईंसाठी पार्सल’ येते खरे. पण रात्री अकराला आलेली ती थंड रोटी आजीच्या दातांना चावत नाही, आणि ती बिचारी ‘उद्या सकाळी खाईन’ म्हणून ती फडताळात ठेवून देते.

दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. बाहेर जेवायला जाऊ या, असे घरात सर्वांत आधी कोणाला वाटते? बहुतेक ठिकाणी जी वर्षाचे बारा महिने दोन वेळा चुलीपुढे उभी राहते तिला. नवरात्रात तर तिची परीक्षाच. नऊ दिवसांचा उपवास तिचा, आणि इतरांसाठी भाजी-भाकरीचा रांधाही तिचाच. पहाटेची पूजा, माळ, आरती, नैवेद्य, सवाष्ण, अष्टमीची तयारी, त्यावर नोकरी असेल तर नोकरी. अशा बाईला महिन्यातून एकदा कोणी आयते ताट पुढे आणून ठेवले, तर तिला मिळालेल्या त्या दोन तासांच्या विसाव्याला संस्कृतीचा ऱ्हास कसे म्हणायचे? हॉटेलावर टीका करणाऱ्या पुरुषांनी आपण कितीदा भांडी घासली ते आधी सांगावे. पुढची टीका मग अवश्य ऐकू.

भिंगारकरांना विसाव्याचे महत्त्व कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. तिसऱ्या माळेला आपल्या भिंगारमध्ये जी भेट होते, ती महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला आली आहे. पुणे जिल्ह्यातील घोडेगावचा पलंग आणि बुऱ्हाणनगरची पालखी येथे एकमेकांस भेटतात आणि तुळजापूरची वाट धरतात. विजयादशमीला तुळजाभवानीला १०८ साड्यांत गुंडाळून याच पालखीत बसविले जाते आणि सीमोल्लंघन होते. त्यानंतर देवी याच पलंगावर निद्रा घेते, ती थेट कोजागिरीपर्यंत. तिला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी झुंजून थकलेल्या जगन्मातेलाही विश्रांती हवी, तिच्यासाठी पलंग हवा, तो शेकडो मैल खांद्यांवरून वाहून न्यावा, असे आपल्या पूर्वजांना वाटले. तो पलंग आपल्या दारावरून जातो, आपण त्याला हात लावून कपाळाला लावतो. आणि घरात परतल्यावर, श्रमलेल्या बाईने ‘आज स्वयंपाक नको’ म्हटले तर आपल्या कपाळाला आठ्या पडतात!

म्हणून चित्रपटाला वा हॉटेलला जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. नवरात्रातही जाऊ नका, असेही म्हणणार नाही, जरी नऊ दिवस मन थोडे आवरावे असे मला मनापासून वाटते. चित्रपट कोठे पळून जात नाही, आता तर तो थोड्याच दिवसांत घरातल्या पडद्यावर येतो. परंतु जायचेच असेल, तर दिव्यापाशी थांबण्याची पाळी लावा आणि त्या पाळीत घरातल्या पुरुषांची नावे आधी घाला. नंदादीप बाईनेच राखावा असे कोणत्याही देवळात दिसत नाही. तुळजापुरात देवीची सेवा भोपे पुजारी करतात, निद्रा आणि जागर तेच सांभाळतात; गावोगावच्या देवळांत समईत तेल घालणारे हात बहुधा गुरवाचे असतात. देवळात जे पुरुषाला शोभते, ते घरी आल्यावर अचानक बायकी काम कसे होते?

कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही एका रात्री दिव्यापाशी बसवावे. त्याला प्रथम कंटाळा येईल, फोन हाती घेईल, घेऊ द्यावा. पण तेल कधी संपत आले, वात कधी पुढे सारायची, काजळी झाडताना ज्योत विझू नये म्हणून आधी शेजारी दुसरी वात कशी पेटवून ठेवायची, हे त्या रात्री त्याच्या हाताला कळेल. व्याख्यानाने ते कळत नाही. आमच्या मंडळांनी संस्कार-शिबिरे पुष्कळ भरविली, त्यांतून पोरे श्लोक पाठ म्हणतात; तेलाची बुधली कोठे असते ते मात्र आईलाच विचारतात.

आणि आजी? पडद्यावर ज्ञानेश्वर पाहून जिने डोळे पुसले होते, त्या पिढीच्या पायांत आता जिने चढण्याचे बळ राहिले नाही. नव्या चित्रपटगृहातला दणदणाट तिला सोसत नाही, हॉटेलातला गारवा हाडांत शिरतो. तिला तेथे नेण्याचा आग्रह नको. पण तिसऱ्या माळेला पालखी आणि पलंग भेटतात, ते ठिकाण भिंगारमध्येच आहे. त्या संध्याकाळी तिला दोन माणसांनी धरून न्यावे, गर्दीच्या कडेला कोणाच्या तरी ओट्यावर खुर्ची टाकून बसवावे, तिच्या हातात हळद-कुंकवाची पुडी द्यावी. सुनेलाही त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक सांगू नये. दुपारीच दशम्या करून ठेवता येतात, नाहीतर त्या एका रात्री खुशाल बाहेरून आणावे. घरी दिव्यापाशी घरधनी बसेल. दोन-तीन तासांचे तर काम आहे. तेल मात्र आधी पुरते भरून ठेवावे आणि जास्तीच्या दोन वाती वळून निरांजनाशेजारी ठेवाव्यात, म्हणजे त्याला शोधाशोध करावी लागणार नाही.