राज्याभिषेकानंतर पुढे काय?

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस सेलवासला ताईकडे जाऊन आलो. सरकारी पाट्यांवर या गावाचे नाव सिल्वासा असे आहे. पण ताईच्या सासरची मंडळी तिथे दोन पिढ्यांपासून राहतात आणि त्यांच्या तोंडी सेलवासच आहे. रात्री जेवणे आटोपली की गच्चीवर सतरंजी पडते, आणि मग ज्याला जे वाटेल ते त्याने बोलावे, असा त्या घरचा रिवाज आहे. या खेपेला विषय निघाला तो एका खेळावरून. ताईचा नातू इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो दिवसभर खोलीचे दार लावून कॉम्प्युटरवर कसलासा खेळ खेळत होता आणि रात्री पानावर बसला तो चेहरा पाडून. ताईने खोदून विचारले तेव्हा म्हणाला, “आजी, त्यांनी माझा माणूस मारला.”

खुलासा झाला तो असा. ‘द लास्ट ऑफ अस’ नावाचा एक खेळ २०१३ मध्ये निघाला. त्यात एक अधेड माणूस एका पोरक्या मुलीला उद्ध्वस्त झालेल्या मुलखातून सांभाळून नेतो. खेळणाऱ्याने स्वतःच तो माणूस व्हायचे, तिला वाचवायचे, लपवायचे, नदीपार न्यायचे. दहा-पंधरा तास हे केल्यावर ती दोघे आपल्या घरची होतात, यात नवल नाही. त्याचा दुसरा भाग २०२० मध्ये आला आणि त्यात हा माणूस सुरुवातीलाच मारला जातो. एवढ्यावर भागत नाही. पुढे अर्धा खेळ त्याला मारणाऱ्या मुलीच्या देहात शिरून खेळावा लागतो! आपले पोर तिथे अडून बसले होते. “मामाआजोबा, तुम्हीच सांगा, हा अन्याय आहे की नाही?”

मी सांगण्याआधीच सूनबाईंनी विषय आपल्याकडे ओढला. त्यांचा दावा असा की दुसरे भाग काढण्याची ही खोड मुळातच वाईट. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१० मध्ये आला तेव्हा त्यातल्या मुलामुलीला नावेसुद्धा नव्हती. एका दिवसाची भेट, पुण्याचे रस्ते आणि दोन तऱ्हांच्या माणसांची चकमक, एवढ्यावर चित्रपट उभा होता. २०१५ च्या दुसऱ्या भागात त्यांना नावे मिळाली, आईवडील मिळाले, लग्न ठरले. २०१८ च्या तिसऱ्यात पाळणा हलला. “चांगली अनोळखी माणसं होती हो,” सूनबाई म्हणाल्या, “त्यांचे आपले नातेवाईक करून टाकले.” त्यावर भाचा म्हणाला की नातेवाईक झाले म्हणूनच तर थिएटर भरली. तेही खोटे नाही. ‘झपाटलेला’ची हकीकत याहून हळवी आहे. १९९३ च्या त्या चित्रपटात बाहुला होता आणि लक्ष्मीकांत बेर्डे होते. २०१३ मध्ये महेश कोठाऱ्यांनी दुसरा भाग आणला तेव्हा बाहुला परत आला. बेर्डे २००४ मध्येच गेले होते. ज्यांनी पहिला भाग लहानपणी पाहिला होता ती माणसे तिकीट काढून दोघांना भेटायला गेली आणि एकालाच भेटून आली.

इतका वेळ मेहुणे पान जुळवीत गप्प होते. ते म्हणाले, “पुढचा भाग पाहिजे म्हणून लोकांनी केवढा हट्ट धरला होता, ते या मुलांना ठाऊक आहे का? इथून दीड तासाच्या आत ते ठिकाण आहे.”

त्यांचा रोख उंबरगावाकडे होता. वापीच्या दक्षिणेला समुद्रकाठचे हे गाव, १९६० पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातले. रामानंद सागरांचे ‘रामायण’ तिथल्या स्टुडिओत तयार झाले. २५ जानेवारी १९८७ रोजी ते दूरदर्शनवर सुरू झाले. मंजुरी होती ५२ भागांची. वाढवीत वाढवीत ते ७८ भागांवर गेले आणि ३१ जुलै १९८८ रोजी रामाच्या राज्याभिषेकाबरोबर संपले. रविवारी सकाळी रस्ते कसे ओस पडत, हे आमच्या पिढीला सांगायला नको. सेलवासहून माणसे जीपगाडीतून उंबरगावला शूटिंग बघायला म्हणून जात आणि हात जोडून परत येत, असे मेहुणे सांगतात. त्यांनी स्वतः हात जोडले की नाही, हे मात्र ते सांगत नाहीत.

मालिका राज्याभिषेकापाशी थांबवणे हा सागरांचा मूळ बेत होता, आणि त्याला परंपरेचा आधारही होता. मालिकेचा मुख्य आधार तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’. त्यात सीतात्यागाची कथा नाही. परंतु उत्तरेत वाल्मीकी समाजाच्या लोकांना हा शेवट मान्य होईना. वाल्मीकी ऋषी हे त्यांचे आराध्यदैवत. राज्याभिषेकावर पडदा पडला, तर टाकलेल्या सीतेला आसरा देणारे, लवकुशांना वाढवणारे, त्यांना रामायण शिकवणारे वाल्मीकी पडद्यावर येणारच कुठे? या समाजातले पुष्कळ लोक पंजाबात आणि आसपासच्या प्रांतांत नगरपालिकांचे सफाई कामगार. त्यांनी जालंधरात आणि आणखी काही शहरांत संप पुकारले. ऐन उन्हापावसात कचऱ्याचे ढीग साचले, आणि शेवटी लवकुशांची कथा दाखवायचे ठरले. १९८८ च्या ऑक्टोबरात ‘उत्तर रामायण’ सुरू झाले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले तेव्हा त्याच्या पाठोपाठ हा भागही दाखवला आणि नव्या पिढीने तो पाहिला.

प्रेक्षकांच्या हट्टाचे इतके मोठे उदाहरण मला दुसरे आठवत नाही. शहाण्या माणसांनी त्या वेळी नाके मुरडली होती. कथेचे पुढचे पान उघडावे म्हणून संप करायचा, हा काय पोरखेळ, असे पुष्कळांनी म्हटले. मला तसे म्हणवत नाही. ती मंडळी करमणूक वाढवून मागत नव्हती. ज्याने ही कथा रचली आणि जिच्यावर ती रचली, ती दोघे शेवटच्या पंगतीला दाराबाहेर राहिली होती. त्यांना आत घ्या, एवढेच त्यांचे मागणे होते. घरोघरी झाडू मारणाऱ्या माणसाला दाराबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

गंमत अशी की मूळ उत्तरकांडदेखील मागाहून जोडलेले आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा ‘पुढे काय झाले’ हा प्रश्न दूरदर्शनइतका नवा नाही. सहा कांडे ऐकून झाल्यावर कोणीतरी श्रोता उठून म्हणाला असेल, “ते ठीक, पण नंतर लोक काय म्हणाले?” आणि कथेकऱ्याला पुन्हा बसावे लागले असेल.

भवभूतीने तर एका कथेची दोन नाटकेच केली. हा कवी आठव्या शतकातला. आपले घराणे पद्मपुराचे, असे तो स्वतः सांगतो, आणि ते गाव विदर्भातले मानले जाते, म्हणून आपला त्याच्यावर जरा जास्त हक्क. ‘महावीरचरित’ राज्याभिषेकाशी संपते, ‘उत्तररामचरित’ त्याच्या पुढे सुरू होते. पहिल्या नाटकाची आठवण आज संस्कृतचे विद्यार्थी सोडून फारसे कोणी काढीत नाही. दुसरे मात्र कालिदासाच्या शेजारी मांडले जाते. दुसरा भाग पहिल्याहून सरस ठरल्याचा याहून जुना दाखला शोधायला मला तरी सवड नाही.

या नाटकाचा पहिला अंक पाहा. राम, सीता आणि लक्ष्मण भिंतीवरची चित्रे बघत आहेत. चित्रे त्यांच्याच मागच्या आयुष्याची: विवाह, वनवास, गोदातीर. आजच्या मालिका ‘मागील भागात आपण पाहिले’ म्हणून जे करतात तेच हे, पण कवीच्या हाताने केलेले. चित्रे बघता बघता गर्भवती सीतेला पुन्हा त्या अरण्यात जावेसे वाटते. तेवढ्यात लोकापवादाची बातमी येते, आणि तिने हौसेने मागितलेली वनाची सफर हीच तिला टाकून देण्याची सोय होऊन बसते. जुन्या गोष्टीत परत शिरण्याच्या इच्छेची किंमत कवीने एका अंकात दाखवली आहे. शेवटच्या अंकात नाटकातले नाटक होते. वाल्मीकींनी रचलेला प्रयोग अप्सरा करतात आणि प्रेक्षकांत खुद्द राम बसलेला असतो. आपण टाकलेल्या पत्नीचे पुढे काय झाले, ते तो समोर बघतो आणि मूर्च्छित पडतो. नंतर भवभूती सीतेला रामाच्या हाती परत देतो. वाल्मीकीरामायणात ती पृथ्वीच्या पोटात जाते, हे त्याला आणि त्याच्या प्रेक्षकांना पुरते ठाऊक होते. तरी त्याने शेवट बदलला. परशुरामतात्या गोडबोल्यांनी हे नाटक गेल्या-मागच्या शतकात मराठीत आणले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुनी कपाटे शिल्लक आहेत त्यांनी एकदा हात घालून पाहावा.

आपल्या मराठी घरांत मात्र हा प्रश्न कधी फार भडकला नाही, आणि त्याचे कारण ‘गीतरामायण’ असावे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले. आठवड्याला एक असा ५२ गीतांचा बेत होता; त्या वर्षी अधिक मास आला आणि गीते ५६ झाली. माडगूळकरांनी सुरुवातच लवकुश रामासमोर गात आहेत इथून केली आणि शेवट वाल्मीकी त्या मुलांना गायला सांगतात इथे केला. सीतात्यागही मधे येऊन जातो. म्हणजे उत्तरकांड वेगळे मागायला जागाच ठेवली नाही. पुढचा भाग पहिल्याच गीतात आणून बसवला. ज्या सुधीर फडक्यांनी या गीतांना चाली दिल्या, ते जेमतेम आठ महिने आधी कुठे होते? याच सेलवासला! पेशवाईच्या उतरत्या काळात, १७८३ मध्ये, नगरहवेली पोर्तुगिजांच्या हाती गेली. त्या गोष्टीचा पुढचा भाग लिहायला १९५४ साल उजाडावे लागले. २ ऑगस्टला सेलवास मुक्त झाले, त्या तुकड्यांत राजा वाकणकर होते, विश्वनाथ लवंदे होते आणि फडके होते. लता मंगेशकरांनी पुण्यात गाऊन या कामासाठी पैसा उभा करून दिला होता. मेहुण्यांनी हे नातवाला सांगितले तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. “म्हणजे गाणारे फडके? ते इथे लढले?” शाळेत २ ऑगस्टला झेंडावंदन करणाऱ्या पोराला हे कोणी सांगितले नव्हते, याचे मला वाईट वाटले.

आता त्याच्या खेळाकडे वळतो. पुढचा भाग मागण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे, असे मी मानतो. तो भाग कसा असावा, हे फर्मावण्याचा हक्क त्याला आहे का? इथे माझा पाय अडखळतो. कॉनन डॉइलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले. वाचकांनी इतका त्रागा केला की दहा वर्षांनी त्याला वर काढावे लागले. त्यातून काही चांगल्या कथा मिळाल्या, तक्रार करायला फारशी जागा नाही. ‘मास इफेक्ट’ नावाच्या खेळाचा तिसरा भाग २०१२ मध्ये आला. शेवट पसंत पडला नाही म्हणून खेळणाऱ्यांनी गदारोळ केला, आणि कंपनीने काही महिन्यांत वाढवलेला शेवट फुकट वाटला. हे मला भोजनगृहातल्या आमटीसारखे वाटते. अळणी झाली, थोडे मीठ घाला. पण नातू ज्यावर रुसला होता त्या खेळात मारेकरी मुलीला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या गेल्या. खलनायकाला थिएटरबाहेर शिव्या घालणारे प्रेक्षक आपल्याकडेही होऊन गेले, पण त्यांना निदान घरी जायची घाई असे.

मी त्याला विचारले, “त्या मुलीने तुझ्या माणसाला मारले, ते कशासाठी?”

तो जरा थांबला. म्हणाला, “पहिल्या भागात त्याने तिच्या बापाला मारलं होतं. एक डॉक्टर होता. तेव्हा आम्ही लक्षही दिलं नव्हतं.”

मला वाटते, गोष्टीला पुढचा भाग हवा की नको, हे इथे ठरते. पहिल्या भागात कोणाचे देणे राहून गेले असेल, तर पुढचा भाग प्रेक्षकाला कितीही कडू लागो, तो निघालाच पाहिजे. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने कोणाचे काही लागत नव्हते, ती पोरे आनंदात होती, त्यांना तिथेच सोडले असते तर चालले असते. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चे तसे नव्हते. १९८५ मध्ये ते नाटक रंगभूमीवर आले तेव्हा ते पुरे वाटले होते. पण धरणगावकर देशपांड्यांच्या त्या पडक्या घरात पुष्कळ हिशेब बाकी होते. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ मागायला कोणी मोर्चा काढला नव्हता. ती लेखकाने स्वतःहून लिहिली, आणि चंद्रकांत कुलकर्ण्यांनी १९९४ मध्ये तिन्ही नाटके एका बैठकीत दाखवली तेव्हा लोक आठ-नऊ तास बसून राहिले. जुने वाडे ज्यांनी भावंडांत वाटले आहेत, त्यांना ते का बसले हे समजावून सांगावे लागणार नाही.

सूनबाईंना हे पटले नाही. त्यांच्या मते देणेघेणे पाहून गोष्टी लिहायला लागले तर उद्या कुठलीच गोष्ट संपायची नाही. भाच्याला झोप येत होती. ताई म्हणाली की सीतेला परत आणणारा तो कोण कवी, तो तिला आवडला. मूळ कथेतला शेवट ती कीर्तनातही ऐकत नसे, आरतीच्या आधीच उठून येई.

चौथ्या दिवशी नातू मला वापी स्टेशनवर सोडायला आला. गाडीला वीस मिनिटे होती. अडलेल्या ठिकाणापासून खेळ पुढे नेलास का, असे मी विचारले. “नेला,” तो म्हणाला, “पण तिचा हात धरून चालवताना अजून राग येतो.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “त्या नाटकात राम बेशुद्ध पडतो म्हणालात. उठल्यावर तो सीतेला काय म्हणतो?” तेवढ्यात गाडी आली. घरी पोचल्यावर कपाट उघडून बघतो, असे त्याला खिडकीतून ओरडून सांगितले.