खळाळत्या पाण्यातली शर्यत आणि आपली शाळा





दोन वर्षांपूर्वी नववीतल्या चार मुलांनी माझ्या टेबलावर एक अर्ज ठेवला होता. दिवाळीच्या सुट्टीत गणेशगुडीला कयाक चालवण्याचे शिबिर होते. शेवटच्या दिवशी शिकाऊ मुलांची एक छोटी शर्यतही होती. त्यासाठी शाळेचे परवानगीपत्र हवे होते. मी अर्ज वाचला, "पाण्याशी खेळ नको रे बाबांनो," म्हटले आणि 'नामंजूर' असा शेरा मारून सही केली. दोघा पालकांनी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन माझे आभार मानले. मलाही आपण जबाबदारीने वागलो असे वाटले.

त्याच सुट्टीत त्या चौघांपैकी दोघे गावाबाहेरच्या एका तळ्यात उतरले. ट्रकच्या ट्यूबवर बसून, फळकुटांची वल्ही करून त्यांनी आपली शर्यत आपणच लावली. एक ट्यूब उलटली. काठावर म्हशी धुणाऱ्या एका काकांनी त्या मुलाला केसांना धरून बाहेर ओढले, म्हणून तो आज आपल्यात आहे. ही गोष्ट मला महिनाभराने कळली, तीही शिपायाकडून. मुलांनी मला सांगितली नाही, कारण मी रागावेन याची त्यांना खात्री होती.

शिबिरात गेली असती तर त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट असते, डोक्यावर हेल्मेट असते आणि बाजूला शिकवणारा माणूस असता. माझ्या सहीने हे तिन्ही काढून घेतले. पाणी मात्र होते तिथेच राहिले.

हे लिहिताना मला एक कबुली दिली पाहिजे. मला स्वतःला पोहता येत नाही. माझे माहेर इंदूरचे, शिक्षण सगळे हिंदी माध्यमातले. लहानपणी आम्ही महेश्वरला जात असू. अहिल्याबाईंच्या घाटावर आई आम्हा बहिणींना गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ देत नसे. पुढे थोड्या अंतरावर सहस्रधारा आहे. तिथे नर्मदा काळ्या खडकांवर फुटून असंख्य धारांनी धावते. ती आम्ही लांबूनच पाहायची, हात जोडायचे आणि परत फिरायचे. त्या पाण्यात कोणी मुद्दाम होडी घालील असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर आईने त्याला वेड्यात काढले असते.

आज त्याच सहस्रधारेत राष्ट्रीय पातळीच्या शर्यती होतात. २०२३ च्या फेब्रुवारीत 'खेलो इंडिया' युवा स्पर्धांतील कनू स्लॅलमची शर्यत तिथेच झाली. स्पर्धक अठरा वर्षांखालील मुले-मुली, म्हणजे आपल्या नववी-दहावीच्या आणि त्यांच्या थोड्या पुढच्या वयाची. माहेरी फोन केला तेव्हा भाऊ कौतुकाने म्हणाला, "ताई, आपण जिथे हात जोडायचो, तिथे आता पोरी वल्ही मारतात." माझ्या डोक्यात तेव्हा तो 'नामंजूर'चा शेरा घोळत होता.

ही शर्यत कशी असते हे मी त्यानंतर समजून घेतले. सगळ्यात पुढे पळणारा जिंकला, इतके सरळ ते नसते. वाहत्या पाण्यावर दोऱ्यांना टांगलेल्या काठ्यांच्या जोड्या असतात, त्यांना गेट म्हणतात. अशी १८ ते २५ गेट ओलांडायची. हिरव्या-पांढऱ्या काठ्यांमधून प्रवाहाबरोबर खाली जायचे आणि लाल-पांढऱ्या काठ्यांमधून प्रवाहाच्या उलट वर चढायचे. उलट चढायची निदान सहा गेट असतातच. काठीला वल्हे, होडी किंवा अंग नुसते लागले तरी २ सेकंदांचा दंड होतो, आणि गेट चुकले तर ५० सेकंदांचा. एक गेट चुकले की शर्यत गेलीच म्हणायची.

यातले उलट चढणे मला फार मनोरंजक वाटले. नुसत्या दंडाच्या जोरावर प्रवाहाशी झुंजणारा मुलगा दमून जातो. शिकलेला मुलगा खडकामागचे निवांत पाणी शोधतो. मोठ्या खडकाच्या मागे नदी थोडीशी मागे वळते, त्या वळणाऱ्या पाण्याच्या आधारावर तो होडी वर घेतो. म्हणजे आधी पाणी वाचायचे आणि मग वल्हे मारायचे. शिवाय कयाक उलटली तर आत बसल्या बसल्या वल्ह्याचा आधार आणि कमरेचा झटका देऊन ती पुन्हा सरळ करायची कला या खेळात फार आधी शिकवतात. उलटणे हा तिथे अपघात मानत नाहीत, तो अभ्यासक्रमाचाच भाग असतो. आपण मात्र मुलांना सांगतो, "पाण्याजवळ जाऊ नका", आणि पुढे काहीच सांगत नाही.

महेश्वर आपल्याला दूर आहे, पण काळी नदी दूर नाही. आपल्या अळणावरहून लाकडे वाहण्यासाठी ज्या दांडेलीला रेल्वेचा फाटा गेला, तिच्याच अंगाने ती वाहते. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमाजवळचे जुने सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. आपल्यातल्या काही कुटुंबांचे नातेवाईक त्या भागातले आहेत, त्यांना हे सांगायला नको. त्या १०१ मीटर उंचीच्या सुपा धरणाच्या पायथ्याला वीजगृह आहे. तिथून पाणी सुटले की गणेशगुडीच्या खालचे खळाळ जागे होतात. देशभरातले पर्यटक तिथे राफ्टिंगला येतात. अळणावरवरून त्यांच्या गाड्या जातात, आपली मुले त्या गाड्यांना हात करतात. नदी आपल्या शेजारची आणि मजा लांबच्यांची, हे मला आता पटत नाही.

मागच्या सभेत एका विश्वस्तांनी, ज्यांच्याविषयी मला फार आदर आहे, विचारले, "मॅडम, होड्यांच्या शर्यती हा मोठ्या लोकांचा खेळ. आपल्या शेतकऱ्यांच्या पोरांना त्याचा काय उपयोग?" त्यांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. ते आता देते.

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे गाव आहे. दुष्काळी भाग. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जात असे. वडील गेल्यावर घराची जबाबदारी त्याच्यावर आली आणि २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. पुण्यात त्याला नौकानयनात घातले तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटत होती. (हिंदीत आम्ही 'नौकायन' म्हणतो. माझ्या तोंडून अजून तेच निघते आणि मुले हसतात.) चार वर्षांत हा मुलगा रिओ ऑलिंपिकला पोहोचला. त्या वर्षी नौकानयनात भारताचा तो एकटाच होता. त्याची आई त्याच काळात अपघातामुळे अंथरुणाला खिळली होती.

रिओत शर्यतीचा पहिला दिवस होता ६ ऑगस्ट २०१६. तळ्यावर असा वारा सुटला होता की सर्बियाची दोघांची होडी चक्क उलटली. दुसऱ्या दिवशी तर सगळ्या शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. एकट्याने वल्हवायची ही होडी सुमारे आठ मीटर लांब आणि हातभरही रुंद नसते. लाटांवर ती काडीसारखी हलते, आणि वल्ह्याचे पाते एकदा चुकीचे पाण्यात अडकले की संपले. त्या पाण्यात दत्तूने २००० मीटर ७ मिनिटे २१.६७ सेकंदांत पार केले आणि आपल्या गटात तिसरा येऊन तो पुढच्या फेरीत गेला. आठवड्याभराने निवांत पाण्यात त्याने तेच अंतर ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत कापले. एकूण क्रमांक तेरावा. या सगळ्या फरकाचे श्रेय वाऱ्यालाच देता येणार नाही हे मला कळते, पण खवळलेले पाणी माणसाकडून काय वसूल करते याची कल्पना या दोन आकड्यांवरून येते.

२०१८ च्या एशियाडमध्ये त्याला एकेरीत त्रास झाला, अंतिम शर्यतीत तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या होडीत बसून त्याने साथीदारांसह सुवर्णपदक मिळवले. विहीर खोदणाऱ्या मुलाला होडीचा काय उपयोग, हे आता विश्वस्त साहेबांनीच मला सांगावे.

मात्र उद्याच्या उद्या मुलांना काळीच्या खळाळात सोडा, असे मी म्हणत नाही. पोहता न येणाऱ्या मुलाला कयाकमध्ये बसवणे हा वेडेपणा होईल. माझा प्रस्ताव साधा आहे. डिसेंबरपासून दर शनिवारी सकाळची शाळा संपल्यावर पाचवी ते आठवीच्या मुलामुलींना धारवाडच्या जलतरण तलावावर न्यावे, असे बारा शनिवार. सोबत एक शिक्षक आणि एक शिक्षिका. ज्यांना पोहणे नीट जमेल आणि ज्यांच्या पालकांची लेखी संमती असेल, त्यांनाच पुढच्या वर्षी गणेशगुडीच्या शिबिरात आणि तिथल्या शर्यतीत पाठवावे. बसचा खर्च यंदा स्नेहसंमेलनाच्या रंगमंचाच्या नव्या पडद्यांसाठी ठेवलेल्या रकमेतून भागतो, मी हिशेब करून पाहिला आहे. जुने पडदे आणखी एक वर्ष चालतील. हे वाक्य वाचून सांस्कृतिक समिती माझ्यावर नाराज होणार, याची मला कल्पना आहे.

काही माता-भगिनींनी मुलींच्या पोशाखाचा प्रश्न काढला आहे. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो, तो चालेल का हे आपण तलावाच्या व्यवस्थापनाला आधीच विचारू. पण मुलींना वगळून हा वर्ग सुरू करायला माझी तयारी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हुलिकेरीचा तलाव भरून वाहू लागला, तेव्हा पाण्याने मुलगा कोण आणि मुलगी कोण हे विचारले नव्हते. शिकणाऱ्यांच्या यादीत मी माझेही नाव घातले आहे. चोपन्नाव्या वर्षी जमेल का, हे शिकवणाऱ्यालाच विचारायचे आहे.

त्या नववीतल्या चौघांपैकी तिघे आता शाळा सोडून गेले. त्यांचा तो अर्ज माझ्या शेऱ्यासह फाइलमध्ये आहे. विश्वस्त मंडळाच्या सभेत मी तो सर्वांसमोर ठेवणार आहे. ज्या पालकांचा या कल्पनेला विरोध आहे, त्यांनी त्या दिवशी जरूर यावे आणि मोकळेपणाने बोलावे. संमतीपत्राचे नमुने कार्यालयात ठेवले आहेत. मुलाला दमा, फिट्स किंवा कानाचा त्रास असेल तर तो त्यावर न लपवता लिहावा.

आपली नम्र,
मुख्याध्यापिका