दुःस्वप्नलोकातील व्यक्ती कोणाची?

डिस्टोपियन कादंबरीचा विचार करताना मराठी समीक्षा सहसा एक तयार सूत्र हाती घेते : एका बाजूला स्वतंत्र व्यक्ती, दुसऱ्या बाजूला तिला एकसाची बनविणारी राज्यसंस्था. झाम्यातिनच्या ‘वुई’मधील माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, ती काचेच्या घरांत राहतात, ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये (१९४९) टेलिस्क्रीन विन्स्टन स्मिथवर पाळत ठेवतो. या कादंबऱ्यांपुरते सूत्र योग्यच आहे. परंतु त्याच्या आधारे मराठीत अशा लेखनाचे दुर्भिक्ष आहे असा निर्वाळा दिला जातो, तेव्हा उणीव साहित्यात नसून सूत्रात असते.

हे सूत्र माकणीच्या परिसरात तपासून पाहावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने माकणी-सास्तूरचा तेरणाकाठ हादरला. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविली गेली : सरळ रस्ते, आखीव ओळी, ठरीव नकाशाची घरे. रूढ सूत्राने पाहणाऱ्यास येथे झाम्यातिनचे नगर दिसेल आणि जुने गावठाण म्हणजे हरवलेले व्यक्तित्व वाटेल. पण त्या गावठाणात व्यक्ती होती कोठे? तेथे घराची जागाच जात सांगत असे. काच नसतानाही घरे पारदर्शक होती. नव्या वसाहतींतील खरा प्रश्नही एकसारखेपणाचा नव्हता. शासनाच्या पुनर्वसन धोरणात २५०, ४०० वा ७५० चौरस फुटांचे घर जमीनधारणेनुसार ठरले. धरणीने सपाट केलेली उतरंड मोजपट्टीने पुन्हा उभी केली.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत, मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले होते. त्याचा वाङ्मयीन अर्थ समीक्षेने अद्याप पुरता घेतलेला नाही. पाश्चात्त्य दुःस्वप्नलोकात आधीपासून असलेली व्यक्ती राज्यसंस्था हिरावून घेते. येथे गावाने नाकारलेली व्यक्ती राज्यघटनेने मान्य केली. यातून राज्यसंस्था निर्दोष ठरत नाही. आणीबाणीचा (१९७५–७७) अनुभव ताजाच समजावा. मुद्दा इतकाच की, येथील व्यक्तीला दोन आघाड्यांवर लढावे लागते.

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो, जात लपवितो आणि ती उघड होताच मार खातो. विन्स्टन आपले वेगळेपण जपण्यासाठी रोजनिशी लपवितो. बागुलांचा नायक इतरांनी लादलेले वेगळेपण लपवितो. एकासाठी अनुरूपता हा मृत्यू आहे, दुसऱ्यासाठी आसरा. टेलिस्क्रीनचे काम आपल्याकडे ‘आडनाव काय?’ हा साधा प्रश्न करतो.

दुःस्वप्नलोक भविष्यात घडतो, दलित कथा वर्तमानात. म्हणून ही तुलना गैरलागू, असा आक्षेप येईल. मात्र भविष्यकाळ हे या प्रकाराचे तंत्र आहे, सत्त्व नव्हे. सुटकेच्या सर्व वाटा बंद करणारी व्यवस्था हे त्याचे सत्त्व. ज्याला ती व्यवस्था कल्पावी लागते, तो भविष्याकडे वळतो. जो तीत जन्मतो, त्याला तशी गरज भासत नाही. त्याच्या लेखनावर केवळ ‘वास्तववादी’ अशी चिठ्ठी चिकटविणारी समीक्षा त्याला पुन्हा गावकुसाबाहेरच बसविते.