ओव्हरलिमिट आकाराचा पुरावा बँकेने द्यावा : कार्डधारकांचे रिझर्व्ह बँकेस निवेदन

पुणे, दि. १७ मार्च २०२५

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, केंद्रीय कार्यालय,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई

विषय : क्रेडिट कार्डावरील ओव्हरलिमिट आकाराची वादग्रस्त आकारणी थांबवणे आणि मोठी थकबाकी फेडू इच्छिणाऱ्या कार्डधारकांना वाट करून देणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील क्रेडिट कार्डधारक आहोत. आमच्यात कारखान्यांतले कामगार आहेत, शिक्षिका आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत, लहान दुकानदार आहेत. कार्डावर केलेला खर्च आम्ही नाकारत नाही. कर्जमाफीही मागत नाही. लिमिटच्या बाहेर व्यवहार होऊ द्यायला आम्ही संमती दिली होती असे बँका आम्हाला सांगतात, पण ती कधी आणि कशी दिली हे दाखवत नाहीत. आकार मात्र बिलात लागलेला असतो. आमची मुख्य तक्रार ही आहे.

याबाबतचा नियम आपणच केलेला आहे. २१ एप्रिल २०२२ रोजी आपण क्रेडिट व डेबिट कार्डांविषयीचे निर्देश काढले आणि त्यांतल्या बहुतेक तरतुदी १ जुलै २०२२ पासून लागू झाल्या. कार्डधारकाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय मंजूर लिमिट ओलांडले जाऊ नये, असे त्यात बजावले आहे. लिमिट परस्पर वाढवण्यासही मनाई आहे. नियम चांगला आहे आणि त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. अडचण अंमलबजावणीत आहे. संमतीची नोंद बँकेच्या संगणकात, ती तपासणार बँकेचाच कर्मचारी आणि निकाल देणारीही बँकच, अशी आजची व्यवस्था आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. कार्ड घेताना अर्जाच्या शेवटी एक चौकोन असतो, किंवा मोबाइल ॲपवर एक बटण आधीच चालू केलेले असते. घाईत असलेल्या माणसाला तिथे ‘ओव्हरलिमिट’ हा शब्द दिसतही नाही. पुढे एखाद्या महिन्यात विम्याचा हप्ता ऑटो-डेबिटने जातो, परदेशी संकेतस्थळावरची वर्गणी डॉलरच्या बदललेल्या भावाने थोडी जास्त पडते, नाहीतर मोठ्या खरेदीचा ईएमआय केलेला असल्याने तिची उरलेली सगळी रक्कम लिमिटमधून अडकून पडलेली असते आणि ती लक्षात राहत नाही. लिमिट तीन-चारशे रुपयांनी ओलांडले जाते. खरे तर तो व्यवहार नाकारला जायला हवा होता. नाकारला असता तर माणसाने दुसऱ्या खात्यातून पैसे भरले असते.

या आकाराचे गणित आपल्या नजरेस आणणे आवश्यक आहे. अनेक बँकांच्या दरपत्रकांत ओव्हरलिमिट आकार जादा रकमेच्या २.५ टक्के, पण किमान पाचशे-सहाशे रुपये असा ठेवलेला असतो. ४०० रुपयांवर २.५ टक्के म्हणजे १० रुपये. किमान ५०० रुपयांची अट लागली की आकार ५०० होतो आणि १८ टक्के जीएसटी धरून ५९० रुपये भरावे लागतात. म्हणजे ४०० रुपयांनी लिमिट ओलांडल्याबद्दल ५९० रुपये.

गोष्ट इथेच थांबत नाही. बऱ्याच कार्डांच्या ‘मिनिमम ड्यू’मध्ये, म्हणजे त्या महिन्यात भरायच्या किमान रकमेत, ओव्हरलिमिटची पूर्ण रक्कम धरलेली असते. नेहमीचा अंदाज धरून पैसे भरणाऱ्या माणसाला त्या महिन्यात मिनिमम ड्यू वाढल्याचे कळत नाही. त्याचा भरणा थोडा कमी पडतो, मग लेट फी लागते आणि क्रेडिट अहवालात डाग पडतो. आमच्यातल्या एका किराणा दुकानदाराच्या बाबतीत नेमके हेच झाले. त्यांनी कस्टमर केअरला अनेकदा फोन केले. प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक मिळाला, पण संमतीचा पुरावा शेवटपर्यंत मिळाला नाही. काही दिवसांनी ‘सद्भावना म्हणून’ निम्मा आकार परत देऊ, असे उत्तर आले. आकार योग्य असेल तर निम्मा परत कशासाठी? आणि अयोग्य असेल तर उरलेला निम्मा कोणत्या अधिकाराने ठेवायचा?

दुसरा प्रकार आम्हाला याहूनही गंभीर वाटतो. एका भगिनीने घरच्या आजारपणासाठी कार्ड वापरले आणि थकबाकी लिमिटच्या जवळ गेली. त्यानंतर बँकेने तिचे लिमिट कमी केले. लिमिट कमी केल्याचे कळवण्याचे बंधन बँकेवर आहे, आणि एसएमएसने कळवण्यातही आले. पण नवे लिमिट थकबाकीपेक्षाही खाली होते. तिने एकही नवी खरेदी केलेली नसताना ती ओव्हरलिमिटमध्ये गेली. बँकेने स्वतःच्या निर्णयाने रेघ मागे सरकवायची आणि ती ओलांडल्याचा दंड ग्राहकाकडून घ्यायचा, ही पद्धत कोणत्याही न्यायाने टिकणारी नाही.

अशी तक्रार घेऊन ग्राहक जातो कुठे? आधी बँकेकडे. तिथे ३० दिवसांत समाधान झाले नाही तर एकात्मिक लोकपाल योजनेप्रमाणे आपल्या लोकपालाकडे. ही योजना निःशुल्क आहे, तक्रार पोर्टलवर करता येते आणि १४४४८ या क्रमांकावर विचारपूस करता येते, हे आम्ही आमच्या भागातल्या लोकांना आवर्जून सांगत असतो. पण या ३० दिवसांत पुढचे बिल निघते. वादातल्या रकमेमुळे पुन्हा लेट फी लागते, वसुलीचे फोन सुरू होतात. फसवणुकीचा म्हणून वादात असलेल्या व्यवहारावर तक्रार मिटेपर्यंत आकार लावू नये, असे आपले निर्देश सांगतात. ओव्हरलिमिटच्या वादाला तेवढे संरक्षण नाही. म्हणून पाच-सहाशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असा विचार करून बहुतेक लोक पैसे भरून मोकळे होतात. देशात दहा कोटींहून अधिक क्रेडिट कार्डे चालू असताना या गप्प बसण्याचा फायदा कोणाला होतो, हे वेगळे सांगायला नको.

आता मोठ्या थकबाकीविषयी. लिमिटच्या काठावर राहणारा माणूस उधळ्याच असतो असे नाही. बहुतेक वेळा तो महिनोन्‌महिने फक्त मिनिमम ड्यू भरत आलेला असतो. एक लाख रुपये थकबाकी आणि दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज धरा. हा दर आज बाजारात सर्रास दिसतो. महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि त्यावर जीएसटी ६३० रुपये. मिनिमम ड्यू ५ टक्के, म्हणजे ५,००० रुपये भरले तर मुद्दलातून फक्त ८७० रुपये कमी होतात. एक रुपयाचीही नवी खरेदी न करता आणि दर महिन्याला थकबाकीच्या ५ टक्के इमानाने भरत राहूनही थकबाकी निम्म्यावर यायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. मिनिमम ड्यू भरूनही थकबाकी वाढत जाईल अशी रचना करू नये आणि न भरलेले आकार व कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज लावू नये, हे आपण बजावले, हा मोठाच दिलासा आहे. तरीही वरचे गणित नियमात बसते.

व्याजाच्या दराबाबत आम्ही आपल्याकडेच का आलो, याचेही कारण आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी, वेळेवर पैसे न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, अशी न्यायालयाची भूमिका आहे. ती आम्हाला मान्य आहे. म्हणजे ग्राहकाला आता या प्रश्नावर आपल्याखेरीज दुसरे दार उरलेले नाही. कार्डावरचे व्याज बँकेचा खर्च आणि रास्त परतावा पाहून समर्थनीय असले पाहिजे, असे आपलेच निर्देश म्हणतात. ४२ टक्क्यांचे हे समर्थन बँकांकडून लेखी मागवावे आणि ते जनतेसमोर ठेवावे, ही आमची विनंती आहे.

वरील परिस्थिती पाहता आमच्या मागण्या अशा आहेत.

ओव्हरलिमिट आकार लावलेल्या प्रत्येक बिलात कोणत्या व्यवहाराने, कोणत्या तारखेला आणि किती रुपयांनी लिमिट ओलांडले आणि त्यासाठीची संमती कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गाने घेतली हे छापलेले असावे. संमती ओटीपीने, स्वतंत्रपणे घेतलेली असावी. अर्जातल्या इतर अटींबरोबर घेतलेली संमती ग्राह्य धरू नये. पुरावा देण्याची जबाबदारी बँकेची असावी आणि तो सात दिवसांत मिळाला नाही तर आकार, त्यावरचा जीएसटी आणि त्यामुळे लागलेली लेट फी पूर्ण परत मिळावी. ग्राहकाने सांगूनही कार्ड सात कामकाजी दिवसांत बंद न केल्यास थकबाकी नसलेल्या ग्राहकाला रोज ५०० रुपये द्यावे लागतील, असा दंडक आपण घातलाच आहे. तसाच दंडक इथेही घालावा. आमची ही मागणी मान्य झाली तर बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

व्याज, वार्षिक फी, कर किंवा बँकेने स्वतः कमी केलेले लिमिट यांमुळे लिमिट ओलांडले गेले तर त्याचा आकार कार्डधारकाच्या माथी मारू नये. आकाराची किमान रक्कम काढून टाकावी आणि आकार लिमिटपेक्षा जादा झालेल्या रकमेहून मोठा कधीच नसावा. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्यानंतर पूर्वसंमती आणि आकारावरची ही मर्यादा दोन्ही लागू झाल्या. आपल्याकडे ते अशक्य असण्याचे कारण दिसत नाही.

तक्रार नोंदवल्यापासून निकाल लागेपर्यंत वादातली रक्कम मिनिमम ड्यूमधून वगळावी, तिच्यावर लेट फी लावू नये आणि क्रेडिट माहिती कंपन्यांकडे ती थकीत म्हणून पाठवू नये.

फक्त मिनिमम ड्यू भरल्यास परतफेड लांबत जाते, ही सूचना आज बिलावर असते. तिच्या जागी त्याच ग्राहकाच्या थकबाकीवरून काढलेले आकडे द्यावेत : फक्त मिनिमम ड्यू भरला तर किती महिने लागतील, एकूण व्याज किती जाईल आणि तीन वर्षांत फेडायचे असेल तर दरमहा किती भरावे लागेल.

आजारपण, नोकरी जाणे किंवा घरातला कमावता माणूस दगावणे अशा प्रसंगी ग्राहकाने स्वतःहून अर्ज केल्यास कार्ड गोठवून थकबाकी कमी व्याजाच्या मुदत कर्जात बदलून देण्याची योजना प्रत्येक बँकेने ठेवावी आणि तिची माहिती बिलावरच द्यावी. आज अशी सोय मिळते ती ग्राहक पूर्ण थकल्यावर, वसुली एजंटाच्या तोंडून आणि ‘सेटल्ड’ असा शेरा क्रेडिट अहवालात घेऊन. प्रामाणिकपणे आधी येणाऱ्याला उशिरा येणाऱ्यापेक्षा वाईट वागणूक मिळू नये.

अटी, बिल आणि ओव्हरलिमिटची संमती महाराष्ट्रात मराठीतून मिळणे बंधनकारक करावे.

या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावी. आमच्या बिलांच्या आणि बँकांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती आम्ही सोबत घेऊन येऊ. या निवेदनावर काय कार्यवाही झाली ते लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील क्रेडिट कार्डधारक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी : ग्राहक शिक्षण व संरक्षण विभाग, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई